खुशालरावांचं घरचं पिठलं

भावकीत लग्न आणि चूलबंद आवतन नाही, म्हणजे खुशालरावांच्या नाकाला मिरच्याच झोंबल्या. चूलबंद म्हणजे त्या दिवशी घरी चूल पेटवायची नाही, अख्खं घर पंगतीला. चुलतभाऊ गोपाळने मात्र निरोप धाडला, घरटी एक. अरे, लग्न आहे का रेशनचं दुकान? खुशालरावांनी पारावर जाहीर करून टाकलं, "आमच्या घरचं काळं कुत्रं बी त्याच्या मांडवात जानार नाही. मी घरचं पिठलं खाईन!"

आणि खाल्लंही. पण मे महिन्याची दुपार, मांडव अकोटच्या रस्त्याला लागून, वारा तिकडूनच येणारा आणि त्या वाऱ्यात रबडीचा वास. माणूस शेवटी माणूस आहे हो! खुशालराव पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांच्या, ढिगाआडून गुपचूप भगवंत आचाऱ्याकडे पोचले. भगवंतच्या कापलेल्या बोटाला चिंधी होती. त्याच बोटाने चाखत त्याने आदल्या दिवशी रबडी आटवली होती आणि ती सकाळपासून पत्र्याखाली पिंपात तापत होती. खुशालरावांनी उभ्याउभ्या पाच वाट्या हाणल्या, मिश्या पुसल्या आणि साळसूदपणे घरी येऊन पडले.

दिवस मावळायच्या आत पोटात गोळा उठला. पुढचं काय सांगायचं! आरोग्य केंद्रात खाटा सहा आणि पेशंट शंभरावर. शाळेच्या वऱ्हांड्यात सतरंज्या अंथरल्या, सलाइनच्या बाटल्या खिडकीच्या गजांना टांगल्या, एका म्हातारीला तर अकोल्याला हलवावं लागलं. नवरदेवाचा मामा बादली धरून बसला होता.

नर्स रागिणी वही घेऊन एकेकाला विचारत होती, काय खाल्लं? जो तो म्हणे, रबडी. खुशालरावांची पाळी आली. शेजारच्याच सतरंजीवर गोपाळ कण्हत होता, पण कान इकडेच.

"घरचं पिठलं," खुशालराव म्हणाले.

"अजून काय?"

"लोनचं. बायकोच्या हातचं."

रागिणीचा हात थांबला. बायको म्हणजे दुर्गाबाई, आणि त्यांच्या बचत गटाचं लोणचं परतवाड्यापासून अकोल्यापर्यंत जायचं. उद्याच तीनशे बरण्या निघायच्या होत्या.

"काका, मग त्या लोनच्याचेही नमुने पाठवा लागते. रिपोर्ट येईपर्यंत एक बरनी हलवू देता येनार नाही मले. लोकायच्या जिवाचा प्रश्न आहे."

उशाशी बसलेल्या दुर्गाबाईंचा चेहरा उतरला. "वीस वर्षांत कोनाचं पोट दुखलं नाही बाई माह्या लोनच्यानं! बरन्या उन्हात वाळवतो, हात कोरडे करून भरतो आमी." त्यांनी डोळ्यांना पदर लावला. नवऱ्याकडे त्यांनी एकदाही संशयाने पाहिलं नाही. तेच खुशालरावांना सहन होईना. पण गोपाळ हसायला टपूनच बसला होता! त्याच्यापुढे मान खाली घालण्यापेक्षा जीव गेलेला बरा, असं त्यांना खरंच वाटलं.

मग दुर्गाबाई म्हणाल्या, "पिठलं मीच केलं. त्यातच काही गेलं असंन. माह्यं एकटीचं नाव लिव, बायाइच्या बरन्या सोड."

खुशालराव ताडकन उठून बसले, सलाइनसकट.

"खोड ते! रबडी खाल्ली म्या! गोपाळ्याच्याच मांडवातली! पाच वाट्या!"

गोपाळ जो हसत सुटला, तो हसता हसताच घाईने संडासाकडे पळाला. रागिणीने पिठल्यावर काट मारली. "जरा आधी सांगतलं असतं त काय बिघडलं असतं, काका? मी उद्यापासून लोनच्यात जंतू शोधत बसली असती."

खुशालरावांनी भीतभीत बायकोकडे पाहिलं. आता चारचौघांत शिव्या बसणार, अशी त्यांची खात्रीच होती.

"पाच वाट्या," दुर्गाबाई म्हणाल्या. "अन् मले एक बी आनावी वाटली नाही?"

"नशीब समजा काकू, नाही आनली ते," रागिणी म्हणाली.

"चुलीत गेलं नशीब!" दुर्गाबाई नवऱ्याकडेच पाहत होत्या. "पारावर साऱ्या गावाले सांगतलं तुमी. मले इचारलं होतं का एकदा, तुले जायचं हाय का लग्नाले म्हून?"