काकडं की काकडी?

मी एक जुना संगणक आहे, आणि 'जुना' हे मी म्हटलेलं चालतं, दुसऱ्यानं म्हटलं की माझा पंखा घरघरतो! किन्हवलीच्या वाचनालयात, खिडकीखालच्या टेबलावर माझा मुक्काम. शहापूरहून टेम्पोतून आलो तेव्हा मला हार घातला होता, मित्रांनो. पोरं रांग लावायची. मग घरोघरी मोबाईल आले आणि माझ्यावर चादर पडली.

ती चादर काढायची एकटी शीतल. डोंगराकडच्या पाड्यावरची, कॉलेजात शिकणारी. एका संकेतस्थळावर कुणीही आपलं खातं उघडून माहिती लिहू शकतं, तिथं ती रानभाज्यांवर लिहायची. लोक तिला वाखाणायचे आणि मी उगाच फुशारायचो.

जूनमध्ये घात झाला. तिचा लेख वाचून कल्याणच्या एका घरी शेवळाची भाजी केली आणि त्यांच्या पोराचा घसा सुजला. पोर बरं झालं, पण तक्रार आली. लेखात म्हटलं होतं, 'शेवळं खाजरी असतात, म्हणून काकडी घाला.' अहो, शेवळाची खाज मारायला घालतात ती काकडं, रानातली आंबट फळं. काकडीनं काय होणार, डोंबल!

शीतलचे सगळेच लेख काढायचे की ठेवायचे, हे तपासायला संकेतस्थळाकडून मुरबाडची मिताली आली. शीतल माझ्यावरच लिहायची, म्हणून तीही माझ्यासमोरच बसली. एकेका लेखात कधी काय बदललं, ते उघडून पाहू लागली.

"मी काकडं लिवलं होतं, ताई. आईची शपथ!"

"पण नंतर काकडी केलंय, तेही तुझ्याच खात्यातून. हे बघ."

शीतलचा चेहरा उतरला. "मंग मी खोटी ठरले ना? काडून टाका सगळं."

मला सगळं ठाऊक होतं हो! शीतल खातं उघडंच ठेवून गेली होती. ग्रंथपाल कुंडलिकमामा भिवंडीकडचे, रानातली काकडं कधी न पाहिलेले, पण शुद्धलेखनाची भारी हौस. पोरीची चूक समजून त्यांनीच अनुस्वार पुसून वेलांटी दिली होती. आता मामा कपाटापाशी पांढरेफटक उभे होते. बोला की, मामा! मी आतून नुसता तापत होतो.

मितालीचं बोट 'काढून टाका'पाशी गेलं आणि थांबलं. तिनं बदलाची तारीख पाहिली, भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडली. "पौष पौर्णिमेला तू कुठं होतीस?"

"म्हशाच्या जत्रंत. बाबासंगती बैल बघाया गेलती."

"मग इथं कोण बसलं होतं?"

माझा पंखा जोरात घरघरू लागला. अखेर मामांनी चष्मा काढला.

"मी बसलो होतो. पोरीचं चुकलं असं वाटलं, म्हणून सुधारलं. तिचं काय बी चुकलं नाय, ताई. माझं नाव लिवा."

"मामा, मला एकदा विचारायचं तरी!" शीतल ओरडली आणि मग रडलीच. मामांचेही डोळे भरून आले.

लेख राहिले. शीतलनं काकडं परत लिहिलं, आणि मामांना माफ करायला तिला दिवाळी उजाडली.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ झटकली नाहीत तरी मी रागावणार नाही. पण उठताना आपलं खातं बंद करत चला. आणि दुसऱ्याचा शब्द पुसण्याआधी त्याला एक हाक मारा. पाड्यावरची पोर काही फार लांब नसते हो!