वीतभर वाढणारी कबर

“बोबो, कबर डोक्याकडून वाढते की पायांकडून?”

हे विचारून दाखव, अशी पैज मैत्रिणींनी लावली होती. मी विचारलं तेव्हा पिराच्या मजारीभोवती सगळं गाव गुडघ्यांवर बसलं होतं. मजार सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या शेख-बोबोंच्या हातात ओला दोर होता. गेल्या वर्षी कबरीच्या बरोबर मापानं कापलेला तो दोर आज वीतभर कमी पडला होता. म्हणजे पीर मातीखाली वीतभर वाढला होता. तो दरवर्षी वाढतो, आणि वाढला की त्याला सेवेला एक मुलगी लागते.

बोबोंनी दोर खाली ठेवला आणि मागे खुसखुसणाऱ्या मैत्रिणींवरून नजर माझ्यावर आणली.

“डोक्याकडून, पोरी,” ते मऊ आवाजात म्हणाले. “आणि पिराचं डोकं आज तुझ्याच घराकडे वळलंय. ऐकताय ना सगळे? मातीतून हाक येतेय. ओयजमाल, ओयजमाल.”

ते माझं नाव. कुणालाच काही ऐकू आलं नव्हतं. तरी सगळ्यांनी माना डोलावल्या.

गेल्या वर्षी हाक झुमरदला आली होती. शाळेत ती माझ्या शेजारी बसायची. वर्षभर झाडलोट करून ती परत येणार होती. वर्ष सरलं, पण बोबो म्हणाले, पिरानं तिला अजून सोडलं नाही. आता ती करड्या रुमालात डोकं गुंडाळून कुंडात दोर भिजवते आणि कुणाशीही बोलत नाही.

आमच्याकडे तेव्हा मुहय्यो-ओपा, म्हणजे मुहय्योताई, उतरल्या होत्या. विचित्र गोष्टींमागचं विज्ञान शोधून त्या ताश्कंदच्या मासिकात लिहितात. टांगलेली खरबुजं वसंतापर्यंत का टिकतात, जुन्या मिनारांच्या चुन्यात खरंच उंटिणीचं दूध घातलं होतं का, असलं काहीबाही. आता त्यांना लांब कबरींवर लिहायचं होतं. त्यांनी पिशवीतून मोजपट्टी काढली, तेवढ्यात बोबोंनी हात वर केला.

“लोखंड पिराला सोसत नाही, बाई. कोरडं काही अंगाला लागलेलंही सोसत नाही. म्हणून दोर भिजवायचा, अलगद ठेवायचा, ओढायचा नाही.”

ओपांनी मोजपट्टी निमूट आत ठेवली. मला त्यांचा राग आला.

घरी आई माझे कपडे बोचक्यात बांधायला लागली. बाबा जमिनीकडे बघत म्हणाले, “वर्षाचाच तर प्रश्न आहे.”

“झुमरदच्या बाबांनाही असंच वाटलं होतं,” मी म्हटलं.

ओपांनी चहाचा प्याला खाली ठेवला आणि आईला विचारलं, “ताई, तो दोर कशाचा असतो?”

“कापसाचा. आम्ही बायकाच वळतो दरवर्षी. नवा कोरा दोर बोबो कबरीच्या वर, न टेकवता धरून कापतात आणि पेटीत ठेवतात.”

“कापतात तो कोरडा?”

“कोरडाच,” म्हणताना आईचे हात थांबले.

ओपांनी कपडे वाळत घालायचा आमचा नवा सुती दोर मागितला. ओट्याच्या लांबीइतका कापला, बादलीत बुडवला आणि चहा संपवला. मग दोर पुन्हा ओट्यावर ठेवला. तो वीतभर कमी पडला.

“तुमचा ओटा वाढला हो,” त्या बाबांना म्हणाल्या. “आता त्यालाही मुलगी द्या.”

ओपांनी ओला दोर माझ्या हातात देत समजावलं. कापसाचा धागा पाणी पितो आणि फुगतो. पिळातल्या धाग्याला मग जास्त मोठे वेढे घ्यावे लागतात, त्यामुळे सगळा दोर आखडतो. आई हळूच म्हणाली, “बाळाला पाळण्यात बांधायचा सुती पट्टा ओला झाला की आवळतो, हे आम्हाला ठाऊक आहे. पिराच्या दोराचं कधी मनातच आलं नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मला पोचवायला मजारीवर गाव जमलं. मी म्हटलं, “बोबो, काल कापलेला नवा दोर भिजवा आणि मोजा.”

बोबो नाही म्हणाले. पण झुमरदनं पेटी उघडली, दोर काढला आणि कुंडात टाकला. तिला कुणी सांगितलं नव्हतं. अर्ध्या तासानं दोर कबरीवर ठेवला, तर पीर एका रात्रीत आणखी वीतभर वाढलेला.

बोबोंचा चेहरा पांढरा पडला, पण जीभ शाबूत होती. “पीर कोपलाय. आता दोन मुली लागतील.”

“मग आमच्या ओट्याखाली कोण पुरलंय?” मी विचारलं. “तोही कालच वाढला.” आई पुढे झाली आणि पाळण्याच्या पट्ट्याचं सगळ्यांना सांगितलं. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. प्रत्येकीच्या घरी पाळणा होता.

आता सगळे हसतील असं मला वाटलं होतं. कुणी हसलं नाही. लोक एकेक करून खाली बघत निघून गेले. संध्याकाळी शेजारणीनं आमच्याकडून गेलेलं दही न खाता परत पाठवलं. अंधार पडेपर्यंत दोन माणसं आमच्या फाटकासमोर घराकडे रोखून बघत उभी होती.

हे वाचणाऱ्या गावकऱ्यांनो, तुम्ही पिराला मानता, जरूर माना. पण मुलगी देण्याआधी दोर तपासा. तो कोरडा मोजा, ओला मोजा, स्वतःच्या हातानं मोजा. याला विद्वान लागत नाही, एक बादली पुरते.

गावाच्या भीतीनं बाबांनी मला बुखाऱ्याला मामाकडे पाठवायचं ठरवलं होतं. गाडीही सांगून ठेवली होती.

“बाबा, आई,” मी म्हटलं, “मी कुठेही जाणार नाही. सोमवारी शाळेत जाणार आहे, मजारीच्या रस्त्यानं. झुमरदला बरोबर घेऊन.”