पांढऱ्या अंड्यांची राखण

"टीचर, दोन वेगळ्या जातींचं पिल्लू झालं, तर त्या पिल्लाला पुढे पिल्लं होतात का?"

दहावीच्या वर्गात हा प्रश्न विचारायची पैज तिच्या मैत्रिणीने, ओवीने लावली आणि आमच्या अक्षताने तो उभं राहून, मोठ्याने विचारला. वर्ग फिदीफिदी हसला. सीमा टीचर हसल्या नाहीत. म्हणाल्या, "माशांचं विचारतेस की माणसांचं?"

"दोन्ही."

मित्रांनो, त्यातला मासा म्हणजे मी. मी एक जुनी पॅरट फिश आहे. केशरी, गुबगुबीत, तोंड कधीच नीट न मिटणारी. वरळीच्या बीडीडी चाळीत, टीव्हीशेजारच्या टाकीत राहते. माझे आईवडील दोन वेगळ्या जातींचे. माणसांनी त्यांना एका टाकीत ठेवलं म्हणून मी झाले. जगातली कुठलीच नदी माझं माहेर नाही.

परळच्या दुकानातून आम्हाला आणलं तेव्हा अक्षता नऊ वर्षांची होती. आम्हाला म्हणजे मला आणि माझ्यासारख्याच एका नराला. दुकानदार कोंडीराम पिशवीला रबर लावत म्हणाला, "मिक्स जात आहे. पोरं नाय व्हायची यांना." अक्षताने हातातली पिशवी बाबांकडे दिली. बाबांना वाटलं, पिशवी जड झाली.

सुरुवातीला काय कौतुक आमचं. अख्खा मजला बघायला यायचा. मग नवलाई संपली, काचेवर शेवाळ चढलं. मी कुंडीच्या खापरावर अंडी घालायची, शेपटीने वारा घालायची, जेवण सोडून राखण करायची. तिसऱ्या दिवशी अंडी पांढरी पडून वाया जायची. दरवेळी. पुढे नरही गेला.

अशाच एकदा, पांढरी अंडी बघून अक्षताने काचेला नाक लावलं. "माझंही असंच होणार का गं?"

तिच्या आईबाबांनी जातीबाहेर लग्न केलंय. लालबागचे अप्पा, म्हणजे बाबांचे वडील, तेव्हा म्हणाले होते, "असल्या लग्नाची पोरं धड निपजत नाहीत." हे अक्षताच्या कानावर लहानपणीच आलं होतं. लग्नापासून अप्पा या घरी आले नाहीत. आता एकटेच राहतात.

सीमा टीचरांचं उत्तर तिने मला त्याच संध्याकाळी सांगितलं, दप्तर पाठीवरच. "ऐक. दोन जाती जवळच्या नात्यातल्या असल्या, तर गुणसूत्रं बऱ्यापैकी जुळतात. पिल्लू होतं. पण त्या पिल्लाच्या पोटात बीज तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या नीट लागत नाहीत. खेचराचंही तेच. आणि माणसं? माणसांची जात एकच आहे गं, सगळ्यांची. दुसरी ती दाखल्यावर असते, रक्तात नसते."

सहा वर्षं मनात धरलेलं तिने एका दमात सोडलं. ती सुटली. मी तिथेच, माझ्या खापराशी.

मित्रांनो, आम्हाला हौसेने बनवता, तसं सांभाळाही. पिल्लं देता येत नसतील, निदान सोबत द्या.

जेवायला बसल्यावर अक्षता म्हणाली, "आई, बाबा, रविवारी मी लालबागला जाणार. अप्पांकडे."

बाबांचा घास हातातच राहिला. "दार नाही उघडायचे ते."

"मग जिन्यात बसते. कधीतरी दूध घ्यायला उघडतीलच ना." तिने टाकीकडे पाहिलं. "आणि येताना हिला जोडीला कुणीतरी आणते. किती वर्षं एकटं ठेवायचं एखाद्याला?"