छत्रीचं कापड

"द्वारके, सुई थांबव."

समोरच्या कडेनं टाके घालत येणारी द्वारकाबाई थांबली. दोघींच्या मधे गोधडी पसरली होती. बुडाला आवडाबाईचं स्वतःचं निळं लुगडं, त्यावर हिरव्या कापडाचं आठ आऱ्यांचं चक्र. धम्मदीक्षेला दोन वर्षं झाली होती. पडेगावच्या वस्तीनं विहार बांधला होता. परवा, वैशाखी पौर्णिमेला, तिथं मूर्ती बसायची होती आणि मूर्तीमागच्या भिंतीवर ही गोधडी लागायची होती.

आवडाबाईनं हिरव्या कापडाची कड उलटी केली. आतल्या अंगाला दोन काळे ठिपके आणि त्यांच्याखाली एक आडवी रेघ.

बिब्ब्याची खूण. कुठला कपडा कुठल्या घरचा हे कळावं म्हणून परीट बिब्ब्याच्या तेलानं ती करतो. कापड विरतं, खूण जात नाही. आणि वस्तीतल्या एकाही घराचे कपडे कधी परटाकडे गेले नव्हते.

"तू तर म्हनलीस, बाजारातून घेतलं."

द्वारकाबाईनं सुई कापडात खोचली. हात मांडीवर घेऊन ती बसली.

गोधडीसाठी कापड मागतानाच आवडाबाईनं सगळ्यांना बजावलं होतं, जुनं चालेल, विटकं चालेल, पण मालकिणीनं अंगावरचं उतरवून दिलेलं चालायचं नाही. बायकांनी पेट्या धुंडाळल्या तेव्हा ही अट किती अवघड आहे ते कळलं. कुणाकडे वीतभर निघालं, कुणाकडे हातभर; ते सगळं गोधडीच्या काठाला लागलं. अख्खं कापड आणलं ते एकट्या द्वारकाबाईनं. म्हणून चक्र त्याचं कापलं होतं.

"काय करू मग?" द्वारकाबाई म्हणाली. "समद्या जणी चिंधी का व्हईना, आपली म्हनून घिऊन आल्या. माझी पेटी उपसली तर एक धागा माझा नाय. रिकाम्या हातानं कशी येऊ?"

आवडाबाईचा भाचा रामकिसन विहाराचं काम बघत होता. गोधडी टांगायचा बांबू तो दारात तासत होता. तो म्हणाला, "मावशे, खूण आतल्या अंगाला हाये. भिंतीला लागल्यावर कोन बघतंय?"

"मी बघितली ना."

"परवा पौर्णिमा हाये!"

"मग बोलण्यात काहून येळ घालवतो? दाढीचं पातं दे इकडं."

तिनं पहिला टाका कापला. द्वारकाबाई उठली.

"मी जाते."

"कुठं चालली? तुझ्या अंगाचे टाके कोन उसवंल? बस खाली."

ती बसली. ऊन दारातून भिंतीपर्यंत सरकलं तोवर चक्र निघून आलं. निळ्या लुगड्यावर फक्त सुईची भोकं राहिली. आवडाबाईनं हिरवे तुकडे झटकून द्वारकाबाईच्या मांडीवर ठेवले.

"चोळ्या शिव यांच्या. कापडाचा काय दोष? आता आठवून सांग. आयुष्यात सोताच्या पैशानं काहीच घेतलं नाय का तू?"

"छत्री घेतली व्हती," द्वारकाबाई म्हणाली. "खुलताबादच्या रस्त्याला खडी फोडायला व्हते तवा. ऊन सोसंना. मुकादम हसला, म्हने, आली बघा मडम. म्हनलं, डोकं माझं, छत्री माझी, तुझं काय जातंय?"

"कुठं हाये ती?"

"घरी. आजून वापरते मी." मग तिला प्रश्न कळला. "आवडे, वैशाख हाये."

आवडाबाई सुईत दोरा ओवत राहिली.

द्वारकाबाई गेली आणि छत्री घेऊन आली. काड्यांना धरलेले टाके तिनं स्वतःच्या हातानं तोडले, पाकळ्यांचे जोड उसवले. आठ काळे त्रिकोण निघाले. आवडाबाईनं त्यांची टोकं मधोमध जुळवून मांडली.

उघडलेली छत्री घुमटासारखी असते. तिचं कापड सपाट मांडलं की गोल पुरा होत नाही. दर दोन पाकळ्यांमधे फट राहिली. मध्याशी चिंचोळी, कडेला रुंद. प्रत्येक फटीतून खालचं निळं लुगडं दिसत होतं.

"कमी पडतंय, मावशे," रामकिसन म्हणाला.

आवडाबाई उठून दारापर्यंत गेली आणि तिथून बघत राहिली.

"फटी मोज."

त्यानं मोजल्या. "आठ."

"मग? तुला आरे कितीक पायजेत?"

ती परत येऊन बसली. द्वारकाबाईनं समोरची कड धरली.

पौर्णिमेला भर उन्हात माणसं विहाराकडे निघाली. द्वारकाबाई डोक्यावरून पदर घट्ट ओढून आली. छत्रीच्या उघड्या काड्या सुतळीनं बांधून तिनं काठीसारख्या हातात धरल्या होत्या. दाराशी तिनं त्या चपलांशेजारी भिंतीला टेकवून उभ्या केल्या.

"द्वारकामाय, हे काय आनलं?" शेजारची साळूबाई हसली. "हिचं कापड कुठंय?"

"आत हाये," द्वारकाबाई म्हणाली आणि उंबरा ओलांडून आत गेली.