देवरामचा नंबर

सही झाली असती तर जीवन मौलेच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी मांडतो. गंगापूर रोडवर त्याचा सव्वा एकर गुलाब. नकाशात त्यावर सार्वजनिक बागेचं आरक्षण. ते उठलं की बारा प्लॉट, एक पांढरी सुमो, मुलीच्या, पूजाच्या, कॉलेजची सोय आणि थोरल्या भावासमोर कायमची ताठ मान. शेवटची बाब जीवन सगळ्यांत वर धरत असावा, कारण सुमोचा रंग त्याने पहिल्यांदा भावालाच सांगितला होता.

अडचण एवढीच, की नाशिकच्या जमिनीवरची रेघ नाशिकला बसून ओढता येते. पुसायला मात्र राजधानीत जावं लागतं. मी कोर्टाबाहेर स्टँप विकतो, त्यामुळे अशी किती माणसं मुंबईला गेली ते मला ठाऊक आहे. जुलै अठ्ठ्याण्णवमध्ये जीवन नाशिक रोडहून सकाळची पंचवटी पकडून निघाला. बायकोला, साधनाला, म्हणाला, "रात्री जेवायला घरीच."

खात्याच्या लांबलचक बोळात साहेबाच्या केबिनबाहेर एक बाकडं होतं. त्यावर चाळिशीचा एक शेतकरी, मांडीवर फडक्यात भाकरी. भाकरीला वासच नव्हता, असं जीवन नंतर फोनवर म्हणाला.

"नाशकाचे का?"

"हो. तुम्ही?"

"चांदवड. देवराम पुंजा गांगुर्डे. रस्त्यात जमीन गेली, तिच्या मोबदल्याची फाइल हाय."

"किती दिवस झाले?"

"दिवस नाय मोजत. थंडीत खातं नागपूरला जातं, तव्हा मी बी जातो. तिकडं पण बाकडं असतं."

"अहो, सरकार जातं अधिवेशनाला. तुम्ही कशाला?"

"नंबर असतो ना, भाऊ."

जीवन हसला. देवराम मात्र उठून उभा राहिला. "गाववाले म्हणून सांगतो. पाणी पिऊन येतो, जरा माझा नंबर धरा."

परक्या गावात भेटलेल्या आपल्या माणसाला कोण नाही म्हणेल? रॉकेलच्या रांगेपासून एसटीच्या खिडकीपर्यंत आपण एकमेकांचे नंबर धरतच आलोय. जीवन सरकून देवरामच्या जागी बसला. माणूस आत्ता उठून गेला होता, पण फळी गार होती.

शिपाई बाहेर आला. "देवराम पुंजा!"

"ते पाण्याला गेलेत."

"आलेत की नाही तेवढं सांगा. नाहीतर नाव काढतो."

"आलेत, आलेत!"

शिपायाने वहीत खूण केली. पुढचं नाव जीवनचंच होतं. तो "मी, मी" करत उभा राहिला, तर शिपाई चष्म्यावरून बघत म्हणाला, "आत्ताच हजेरी लावली ना गांगुर्डे? बसा खाली." आणि जीवनच्या नावावर त्याने काट मारली.

त्याच संध्याकाळी देवराम चांदवडच्या स्टँडवर उतरला. तो घरून निघाला होता एकाहत्तर साली. दारात त्याची बायको भागुबाई, आता साठीची. याचा एक केस पिकलेला नव्हता.

"बघ रं," तिने आतल्या पोराला हाक मारली, "तुझ्याएवढा कोण बाबा आलाय अन् मला भागू म्हणून हाक मारतोय!"

तिने त्याला ओसरीवर जेवू घातलं. घरात घेतलं नाही.

जीवन काही आला नाही. पहिल्या आठवड्यात रोज फोन: "आज होईल." मग महिन्याला एक. साधना दोनदा जाऊन आली. तो बाकड्यावरच, दाढीसुद्धा वाढलेली नाही. "उठलो तर नंबर जाईल," एवढंच बोलला. नंबर त्याचा नव्हताच, पण ते त्याला पटवणार कोण?

गंमत म्हणजे, फाइल आपल्या चालीने चालत राहिली. दोन हजार एकच्या नोव्हेंबरात आदेश पोस्टाने घरी आला. आरक्षण उठलं. आता प्लॉट पाडायला फक्त मालकाची सही हवी. साधना माझ्याकडे आली.

"शंभराचा स्टँप द्या. कुलमुखत्यारपत्र करायचंय."

"वहिनी, त्यांनाच घेऊन या की."

"भाऊ, ते यायचे असते तर मी स्टँप घेतला असता का?"

डिसेंबर होता, म्हणजे खातं नागपूरला. दुपारचं ऊन खिडकीपर्यंत येऊन थांबलेलं, बोळात अंधार. तिने कागद जीवनच्या मांडीवर ठेवला. त्याने त्याच्या नेहमीच्या गोल अक्षरात सही केली: देवराम पुंजा गांगुर्डे.

"अहो, स्वतःची करा!"

दुसऱ्यांदा तीच. तिसऱ्यांदा एकेक अक्षर दाबून, घामाघूम होत लिहिलं. तीच.

त्याने पेन खाली ठेवलं आणि बाकड्यावर थोडी जागा केली. "साधना, पाणी पिऊन येतो. इथे बस, जरा नंबर धर."

ती पदर सावरून वाकलीसुद्धा. हात फळीला लागला आणि बोटं बधिर झाली.

"पूजाची बारावी आहे," ती म्हणाली. "फेब्रुवारीत परीक्षा."

"पाचच मिनिटं गं."

तिने कागद उचलला आणि चालायला लागली. मागून शिपायाचा आवाज आला, "देवराम पुंजा!" त्यावर नवऱ्याचा, अगदी खणखणीत, "हजर!"

आता कोणी किती भरलं ते बघू. देवरामने सत्तावीस वर्षं भरली, मोबदला शून्य. भागुबाईने तेवढीच भरली, वर म्हातारपण. जीवनचं चौथं वर्ष चालू आहे. साधनाने नवरा भरला. राजधानीने दोन बाकडी दिली, एक मुंबईला, एक नागपूरला, आणि ती सरकारी असल्यामुळे त्यांचे पैसेही आपणच भरले आहेत.