गुंतवळ

सक्करदऱ्याच्या त्या घरात मेघा दोनदा जन्मली. पहिली शालिकराम आणि मैनाबाईंच्या पोटी, चारचौघींसारखी. ती सोळाव्या वर्षी डेंग्यूनं गेली. दुसरी तिच्याच केसांपासून एका डॉक्टरच्या प्रयोगशाळेत तयार झाली आणि मैनाबाईंच्या कुशीत वाढवली गेली. शेजाऱ्यांना सांगितलं, उतारवयात देव पावला. देवाला पुढं केलं की कोणी उलटतपासणी घेत नाही.

दुसरीला कळत्या वयात खरं सांगितलं, तेव्हा तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग आता जेवू काय?"

उसनं आणलेलं भांडं माणूस जपून वापरतो, तशी ती स्वतःला वापरायची. मेघाला झणझणीत तर्री आवडायची, म्हणून ही डोळ्यांतून पाणी काढत तर्री-पोहे खायची. मेघा गायची, म्हणून हिला गाण्याचा क्लास. सूर काही लागेना. "येईल, येईल," मैनाबाई म्हणायच्या, "गळा मेघाचाच आहे." पाहुणे तिला बाजारातल्या वांग्यासारखं उलटूनपालटून बघायचे आणि 'डिट्टो' म्हणायचे; पाहुण्याला चहा हवा असतो, वाद नको असतो. समोरची म्हातारी तेवढी एकदा म्हणाली, "हे पोरगी तं आत्यावर गेली वं!" म्हातारीला त्या घरून पुन्हा विरजण मिळालं नाही.

मुलीला यातलं काही लागत नसे. बरंही वाटत नसे, वाईटही नाही.

तिला सोळावं लागलं आणि त्याच उन्हाळ्यात प्रेमिला आत्या उमरेडहून आली. घरातला हातमाग विकला तेव्हा तिनं भावाशी बोलणं टाकलं होतं. भावाच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननं ते पुन्हा उचलून दिलं. मुलीच्या जन्माचं गुपित तिला ठाऊक होतं, पण मुलगी मोठी झालेली तिनं पाहिली नव्हती.

मुलगी स्वयंपाकघरात तिला पाणी द्यायला वाकली. आत्यानं पेला घेतलाच नाही. ती पायांकडं बघत होती.

"इकडं ठेव पाय."

आत्यानं आपला पाय शेजारी ठेवला. दोन्ही पायांचं दुसरं बोट तिसऱ्यावर चढलेलं, एकाच साच्यातून काढल्यासारखं.

"मेघाचं असं नव्हतं," आत्या हळूच म्हणाली. "केस कोठचे देल्ले होते वं डॉक्टरले?"

"गुंतवळातले," मुलगी म्हणाली.

विंचरताना निघालेले केस बोटाला गुंडाळून पिशवीत टाकायचे आणि केसवाली आली की त्यावर वाटी-चमचा घ्यायचा, ही त्या घरची रीत. मेघा गेल्यावर मैनाबाईंनी केसवालीला दारातूनच परतवून लावलं आणि पिशवी कपाटात ठेवली. तीच पुढं डॉक्टरच्या हाती गेली. पिशवी घरातल्या सगळ्या बायकांची होती. दुःखात ती एकट्या मेघाची वाटली, एवढंच.

"मेघा जायच्या आधीची दिवाळी मी इथंच होती," आत्या म्हणाली. "नवऱ्याशी भांडून आल्ती. केस मूठमूठ गळून राहिले होते. अन् फणी घरात एकच."

"मंग मी तुमी आहो काय?"

"मी काहून तू? मी मीच आहो. पण पाय माहे आहेत बाप्पा!" आत्या हसली, आणि ते हसू कुठं ठेवावं हे तिला कळेना. तिला मूलबाळ नव्हतं. "चालतं काय उमरेडले? माह्यासंगं?"

"तुमाले तर्री आवडते?"

"जहर लागते."

मुलीनं मनात मांडून पाहिलं. उमरेडला तर्री सुटेल, गाणं सुटेल. मग प्रेमिला सोळाव्या वर्षी काय करायची, ते शिकावं लागेल.

"नाही येत," ती म्हणाली.

"मले माहीत होतं." दारात मैनाबाई उभ्या होत्या. "पहिल्या आंघोळीलेच पाह्यलं. प्रेमिलाच्या लग्नात जोडवी मीच घातली होती. त्या बोटात जाता जात नव्हती."

"मंग काहून नाही सांगितलं?" मुलीनं विचारलं. आज कोणता वार, असं विचारावं तसं.

"सांगितलं असतं, तं तुले हाक काय मारली असती?"

बाहेरच्या खोलीतून, डोळ्याला पट्टी बांधलेले शालिकराम ओरडले, "मेघा! चहा झाला काय वं?"

मैनाबाई मुलीच्या 'ओ'ची वाट बघत राहिल्या.

"मेघा नाही आहे, बाबा," मुलगी तिथूनच म्हणाली. "मेघा मेली."

त्या घरात इतक्या वर्षांत हे कोणी मोठ्यानं म्हटलं नव्हतं. मैनाबाईंनी चौकट धरली. रडल्या मात्र नाहीत. आत्याच तेवढी पदरात नाक शिंकरत होती.

मैनाबाई म्हणाल्या, "ए..." पुढं नाव आलं नाही. "ए पोरी. बाबासाठी चहा मांड."

"तुमी मांडा," मुलगी म्हणाली. "मी बसून राहिली."

मेघानं असं आईला कधी म्हटलं नसतं. प्रेमिलाची तर तिच्या वयात काय टाप होती! मैनाबाई तिच्याकडं बघत राहिल्या, अनोळखी माणसाकडं बघावं तशा, आणि मग पातेलं काढायला वाकल्या.