पाण्यातला वाटा

इस्तारीने जाळ्याचा दोर कमरेला गुंडाळला, पाय रेतीत रोवले आणि काठावरच्या गाडीकडे मुद्दाम पाठ केली. गाडीत वनखात्याचे रिकामे पिंजरे होते. गाडीला टेकून त्याची स्वतःची पोरगी, रिंकू, खाकी कपड्यांत उभी होती, आणि सकाळपासून बापलेकीत एक शब्द झाला नव्हता.

भांडण होतं ते उदांवरून, म्हणजे पाणमांजरांवरून. एकेकाळी वैनगंगेच्या या डोहात ऊद होते म्हणतात. मऊ कातड्यापायी लोकांनी ते संपवले. इस्तारीने उभ्या जन्मात एक पाहिला नव्हता. आता खात्याने कुठून तरी चार आणले, उन्हाळाभर काठावर जाळीच्या कुंपणात ठेवले आणि पाऊस ओसरल्यावर डोहात सोडून दिले. त्यांना सांभाळायला कोण? तर रिंकू. मासे धरून जगणाऱ्या ढिवराच्या पोरीने मासेखाऊ जनावराला हाताने मासे चारावेत, म्हणजे कमालच झाली! मोहल्ला खवळला तेव्हा खात्याच्या साहेबांनी शब्द दिला होता. जाळ्याची पहिली मोठी ओढ होऊ द्या. त्या दिवशी मोहल्ल्याचे म्होरके इस्तारीभाऊ सांगतील तसं. नको म्हणाले, तर जनावरं पकडून परत नेऊ.

आज तोच दिवस होता, आणि इस्तारीला नको म्हणायचंच होतं. अख्ख्या मोहल्ल्याचं पोट या डोहावर. पोरीचा जीव त्या जनावरांत अडकलाय हे काय त्याला दिसत नव्हतं? पण म्हणून गावाच्या ताटातलं उचलून द्यायचं?

"बाबा, एक डाव पाहून तं घ्या त्याईले," रिंकूने शेवटी काठावरून हाक दिली.

"पाहाचं काय त्याच्यात? आमच्या तोंडचं खाऊन राह्यले, ते पाहू?"

"बापलेकीनं मंग भांडा," पाण्यातून कुंता ओरडली. नवऱ्याला गप्प करायची ताकद मोहल्ल्यात तिच्या एकटीत होती. "पह्यले दोर ओढा!"

जाळं अर्धगोलात पसरलं. बायका, पोरं, म्हातारे कमरेइतक्या पाण्यात उतरून काठ्यांनी पाणी बडवू लागले, म्हणजे मासे घाबरून जाळ्याकडे यावेत. पण डोहाच्या मासोळीला पक्कं ठाऊक होतं कुठे पळायचं. पलीकडे काळा खडक होता आणि त्याच्या पोटात खोल कपार. एकदा मासे तिथे शिरले की संपलं. त्या कपारीपुढे इस्तारीच्या बापानेही हात टेकले होते. आजही तेच झालं. दोर हाताला हलका लागू लागला.

"नाई लागून राह्यलं काई," शेजारी दोर धरलेला पुतण्या प्रफुल म्हणाला. "सारं खाल्लं, काका. उदाईनं."

इस्तारी काही बोलणार तेवढ्यात खडकाकडून शिट्टी आली. बारीक, थरथरती. काठ्या थांबल्या.

पाण्यावर चार चपटी डोकी वर आली. मिशांवरून पाणी निथळत होतं, आणि अंगावरची लव उन्हात तेल चोपडल्यागत चमकत होती. क्षणभर त्यांनी माणसांकडे पाहिलं, आणि मग चौघांनी एकदम बुडी मारली. खडकाच्या खाली. थेट कपारीत.

डोह आधी शांतच राहिला. मग खालून उकळी फुटावी तसं पाणी फुगलं आणि कपार रिकामी होऊ लागली. रोहू, शिंगाळे, हातभर लांबीच्या मरळी, अंधारात वाढलेले जुने मासे एकमेकांवर आपटत बाहेर आले. मागून ऊद. एक डावीकडून वळसा घेई, दुसरा उजवीकडून, मधले दोघे पाठ सोडीनात. शिट्ट्या मारत, बुड्या घेत त्यांनी तो सगळा लोंढा जाळ्याकडे रेटला.

"अरे बाप्पा!" इस्तारीच्या तोंडून निघून गेलं.

उदांतली मादी वर आली ती प्रफुलच्या अगदी पुढ्यात, पुढच्या दोन पायांत शिंगाळा धरून. प्रफुल दचकला. त्याने काठी उचलली.

"खबरदार! मारू नको!" इस्तारीचा आवाज डोहावर घुमला. त्याचं त्यालाच नवल वाटलं.

मादीने शिंगाळ्याचं डोकं कडाकडा फोडलं, इस्तारीकडे एकवार पाहिलं, आणि पिल्लागत लोळण घेऊन पाण्यात दिसेनाशी झाली. इस्तारीच्या अंगावर काटा आला होता. साठी उलटलेला माणूस, पण दोर ओढताना त्याला डोळे पुसावे लागले, आणि त्याने ते लपवलेही नाहीत.

जाळं काठाला लागलं तेव्हा रेतीवर मासे मावेनात. इस्तारी वाटे लावायला बसला. रीत अशी की ओढीला जो पाण्यात उतरला त्याला वाटा, मग तो म्हातारा असो की लेकरू. काठावर उभ्या राहणाऱ्याला मात्र नाही. एखादा माणूस वाटा न घेताच निघून गेला, तर त्याचे जिते मासे टोपलीत घालून पाण्यात बांधून ठेवायचे. त्या टोपलीला कोणी हात लावत नाही.

जो तो आपापला वाटा उचलून गेला. रेतीवर एक ढीग उरला.

"एक जास्त लावला, काका," प्रफुल हसला.

"पान्यात कोन कोन होते?"

प्रफुलचं हसू विरलं. कुंताने नवऱ्याकडे पाहिलं, आणि टोपली पुढे सरकवली. इस्तारीने तडफडणारे मासे भरले, झाकण आवळलं आणि गुडघाभर पाण्यात जाऊन टोपली खुंट्याला बांधू लागला.

खात्याच्या गाडीचा ड्रायव्हर पवन काठाशी आला. "भाऊ, साहेबाचा फोन हाये. पकडाचे का नाई?"

इस्तारीने गाठ घट्ट केली. "ज्याचा वाटा पान्यात बांधला तो आमच्यातला झाला, बापा. आपल्या मानसाले कोनी पिंजऱ्यात घालून नेते काय?"

पवन फोन कानाला लावून गाडीकडे गेला. रिंकू तशीच, बूटही न काढता, पाण्यात उतरली.